शब्दचर्चा: प्रायरी, पोटमाळा, मेघडंबरी (लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू चर्चच्या निमित्ताने)

दगडफूल

लंडनच्या स्मिथफील्डमधल्या सेंट बार्थोलोम्यू द ग्रेट या चर्चबद्दल मराठीत लिहायचं तर पहिल्याच ओळीत अडायला होतं. राहिअर नावाच्या, इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याच्या दरबारातल्या माणसाने ११२३ साली इथे प्रायरी (ख्रिस्ती मठाचा एक प्रकार) आणि शेजारी रुग्णालय अशा दोन संस्था काढल्या. रुग्णालय आजही चालू आहे. प्रायरी १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात बरखास्त झाली, पण तिच्या चर्चचा पूर्वेकडचा भाग टिकला आणि तिथे अजून उपासना होते.

अडलेले शब्द: प्रायरी, प्रायर, नेव्ह, आइल, क्वायर, ट्रायफोरियम, क्लिअरस्टोरी, ऑरिएल, एफिजी, रिबस. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून मोकळं होता येतं, पण मग वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. उलट प्रत्येक ठिकाणी देवळाचा शब्द चिकटवला तर भलतंच दिसतं. जाणकारांनी सुचवावं.

कानामात्रा

'प्रायरी'ला सरसकट 'मठ' म्हणायला हरकत नाही. अमुक संप्रदायाची माणसं नियमाने एकत्र राहतात ती जागा, एवढा अर्थ त्यातून नीट पोचतो. गडबड होते ती 'प्रायर'पाशी. कोशात पाहून कुणी 'उपमठाधिपती' लिहितं. ज्या मठावर अ‍ॅबट (मठाचा सर्वोच्च प्रमुख) असतो तिथे प्रायर दुसऱ्या क्रमांकाचा असतो, तेवढ्यापुरतं ते बरोबर. पण सेंट बार्थोलोम्यूवर अ‍ॅबट नव्हताच. ऑगस्टिनियन कॅनन लोकांच्या बहुतेक घरांवर इंग्लंडमध्ये प्रायरच प्रमुख असे. तेव्हा इथला प्रायर म्हणजे मठाधिपती, 'उप' काढून टाका.

तिसरा प्रकार कॅथीड्रल प्रायरीचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चला जोडलेल्या मठाचा: नॉर्विच, डरहॅम, कँटरबरी. तिथे बिशप हाच नावापुरता अ‍ॅबट आणि रोजचा कारभार प्रायरकडे. तिथे 'कारभारी' म्हटलं तरी चालेल, पेशवाईतला अर्थ मनात धरून. चौथा प्रकार म्हणजे मोठ्या मठाची लांबची शाखा, तिला 'उपमठ' शोभतो. थोडक्यात, आधी त्या प्रायरच्या डोक्यावर कुणी होतं का ते बघायचं आणि मग शब्द निवडायचा.

'कॅनन'ला 'संन्यासी' नको. हे दीक्षित पुरोहित, संत ऑगस्टीनच्या नियमाने एकत्र राहणारे. काळ्या झग्यामुळे त्यांना काळे कॅनन म्हणत. 'मठवासी पुरोहित' हे जवळचं वाटतं.

किनारपट्टी

वरच्या मुद्द्याला एक जोड. जुन्या गोव्यात मोन्ती सांतोवर जो पडका मनोरा उभा आहे तोही ऑगस्टिनियन लोकांचाच, म्हणून दोन्ही एकच पंथ समजण्याची चूक होते. गोव्यात १५७२ मध्ये आलेले ऑगस्टिनियन हे फ्रायर, म्हणजे भिक्षू. मूळ कल्पना भिक्षेवर जगायची आणि गावोगाव फिरून उपदेश करायची. स्मिथफील्डचे कॅनन एका जागी बसून राहणारे, जमीनजुमला असलेले. नियम दोघांचा एकाच संताच्या नावाचा, संघटना वेगळ्या. म्हणून गोव्यातल्यांना 'भिक्षू' आणि लंडनच्यांना 'मठवासी पुरोहित' असं वेगळं लिहिलं की घोटाळा टळतो.

नावाचंही बघा. मराठी बायबलमध्ये बार्थोलोम्यूचं रूप 'बर्थलमय' आहे. हा प्रेषित भारतात येऊन गेला असं चौथ्या शतकातला चर्च-इतिहासकार युसेबियस लिहितो, आणि काही अभ्यासकांनी ती जागा कल्याणच्या आसपासचा कोकण किनारा मानली आहे. पुरावा तोकडा आहे, पण मराठी वाचकाला हे नाव अगदीच परकं नाही.

आणि 'द ग्रेट' हे संताचं विशेषण नव्हे! शेजारी रुग्णालयाच्या आवारात 'सेंट बार्थोलोम्यू द लेस' नावाचं लहान चर्च आहे, त्यापासून वेगळं ओळखायला हे 'ग्रेट'. 'महान संत बर्थलमय' असं भाषांतर म्हणजे शुद्ध चूक. आपल्याकडे थोरली पाती-धाकटी पाती म्हणतात तसं 'थोरलं बर्थलमय' आणि 'धाकटं बर्थलमय'.

दगडफूल

'थोरलं' झकास. आता इमारतीकडे वळू. नेव्हला, म्हणजे चर्चच्या मुख्य लांब दालनाला, 'सभामंडप' आणि क्वायरला 'गर्भगृह', हे कितपत बरोबर?

ओटीपडवी

नेव्हला 'सभामंडप' चालेल, कारण जमाव तिथेच उभा राहायचा. क्वायरला 'गर्भगृह' मात्र नको. गर्भगृह लहान, अंधारं, पुजाऱ्यापुरतं. क्वायर हे लांबट दालन, त्यात मठवासी समोरासमोर दोन रांगांत बसून ठरलेल्या वेळांना स्तोत्रं म्हणायचे. वेदी त्याच्या पूर्व टोकाला. 'गायनदालन' किंवा 'स्तोत्रदालन' म्हणा.

या चर्चच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा, कारण इथे उरलंय ते स्तोत्रदालनच. ब्रिडलिंग्टन किंवा बिनम इथे उलट झालं: सभामंडप गावकऱ्यांच्या वापरात होता म्हणून तो वाचला आणि मठवाशांचा भाग पाडला गेला. डॉर्सेटच्या क्राइस्टचर्चला तर अख्खी इमारत गावाला मिळाली. स्मिथफील्डला सभामंडप पाडला आणि पुरोहितांचं दालन गावच्या चर्चसाठी ठेवलं. आज रस्त्यावरच्या दरवाजातून आत शिरल्यावर जी उघडी वाट लागते ती पूर्वीच्या सभामंडपाच्या जागेवरून जाते. तो दरवाजा म्हणजे सभामंडपाच्या दक्षिण पडवीचं तेराव्या शतकातलं पश्चिमद्वार. त्यावर १५९५ मध्ये लाकडी सांगाड्याचं घर चढवलं. पुढे ते दर्शनी भागाआड झाकलं गेलं आणि पहिल्या महायुद्धात झेपेलिन या जर्मन वायुनौकेच्या बाँबने तो भाग निखळल्यावर पुन्हा दिसलं. तेव्हा 'चर्चचे अवशेष' असं लिहू नका, अवशेष म्हटलं की छप्पर नसलेल्या भिंती डोळ्यांपुढे येतात. 'शिल्लक चर्च' किंवा सरळ 'उरलेला पूर्वभाग'.

आइलला, म्हणजे मधल्या दालनाच्या बाजूच्या चिंचोळ्या दालनाला, वर मी 'पडवी' लिहून टाकलं आहे, ते मुद्दाम. मधलं छप्पर उंच, बाजूची छपरं एकपाखी उतरती. पडवी म्हणतात ती हीच.

ट्रायफोरियमला मराठीत तयार शब्द आहे आणि तो कुणी वापरत नाही: पोटमाळा. पडवीचं आतलं छत कमानी, त्याच्या पाठीवर उतरतं छप्पर, आणि या दोन्हींच्या मध्ये जी अंधारी पोकळी उरते तीच ट्रायफोरियम. ती मधल्या दालनाकडे कमानींनी उघडते. इथे दर खणाला एक मोठी अर्धगोल कमान आणि तिच्या पोटात बारीक खांबांवर चार लहान कमानी. 'खण' शब्दही लक्षात ठेवा. 'दोन खणी माजघर' म्हणतात त्याच अर्थाने दोन खांबांमधला भाग, इंग्रजीत ज्याला बे म्हणतात. यापेक्षा नेमका शब्द मिळणार नाही.

त्याच्या वरचा खिडक्यांचा थर म्हणजे क्लिअरस्टोरी. 'उजेडखिडक्या' म्हणावं. इथल्या त्या खिडक्या पंधराव्या शतकाच्या सुरुवातीच्या, म्हणजे खालच्या कमानींपेक्षा पार अडीच-तीनशे वर्षांनी नव्या. चित्राखाली 'बाराव्या शतकातली भिंत' असं एकाच फटक्यात लिहिलं तर वरचा तिसरा भाग चुकतो.

कानामात्रा

'पोटमाळा'शी सहमत. पण पोटमाळ्यावर माणूस सामान ठेवतो, ट्रायफोरियमचा उपयोग काय होता?

ओटीपडवी

बहुतेक ठिकाणी काहीच ठरावीक नाही. छपराची देखभाल, क्वचित साठवण. या चर्चमध्ये मात्र एका खणात माणसासाठी सोय केली. प्रायर विल्यम बोल्टनने (कारकीर्द १५०५ ते १५३२) दक्षिण बाजूला पोटमाळ्याच्या कमानीत खिडक्यांची बांधीव पेटी बसवली. तीच ती ऑरिएल. तिथून खाली चाललेली उपासना पाहता येई. राहिअरच्या कबरीपाशी येणाऱ्या दानावर त्याचा डोळा होता असंही म्हणतात, पण ते ऐकीव.

'सज्जा' म्हणू नये, सज्जा उघडा. 'झरोका' हा सगळ्या अंगांनी ठीक: भिंतीतून पुढे आलेला, खिडक्यांनी बंद केलेला, वरून खाली पाहण्यासाठी.

दगडफूल

त्याच झरोक्याखाली रिबस कोरलंय. बाणाने आरपार भेदलेलं पिंप. याला 'बोधचिन्ह' म्हणावं का?

कानामात्रा

नाही, हा चित्रश्लेष आहे. आडव्या धनुष्याच्या आखूड बाणाला इंग्रजीत बोल्ट, आणि मोठ्या पिंपाला टन. बोल्ट अधिक टन, बोल्टन. बोधचिन्हाला अर्थ असतो, चित्रश्लेषाला फक्त उच्चार. मराठीत 'बाण आणि पिंप' एवढंच लिहिलं तर वाचक शौर्य आणि दारू असा काहीतरी अर्थ लावत बसेल. दोन्ही इंग्रजी उच्चार देवनागरीत द्यावेच लागतील, त्याला इलाज नाही.

गाळा_आणि_उठाव

वास्तूबद्दल एक गोष्ट राहते. क्रॉसिंगला, म्हणजे आडवी-उभी दालनं जिथे छेदतात त्या भागाला, 'चौक' म्हणा, पण वाड्याच्या चौकासारखा उघडा नव्हे हे सांगा. या चौकाच्या चार कमानींपैकी पूर्व-पश्चिमेच्या अर्धगोल आहेत आणि उत्तर-दक्षिणेच्या टोकदार. माहितीपत्रकांत हे 'रोमनेस्क (अर्धगोल कमानींची जुनी शैली) आणि गॉथिकचा (टोकदार कमानींची नंतरची शैली) सुंदर मिलाफ' वगैरे होऊन जातं. कारण साधं भूमितीचं आहे.

अर्धवर्तुळाचा उठाव (कमानीची उंची) गाळ्याच्या (कमानीच्या दोन पायांमधल्या अंतराच्या) निम्माच असतो, त्यात पर्याय नाही. समजा एका बाजूचा गाळा ८ मीटर आणि दुसरीचा ६ मीटर (आकडे उदाहरणादाखल). पहिल्या कमानीचा उठाव ४ मीटर, दुसरीचा ३. चारही कमानींची माथी एका पातळीत आणायची, कारण वर मनोऱ्याच्या भिंती पेलायच्या आहेत, तर १ मीटरचा फरक मिटवायला दोन वाटा. एक, अरुंद कमान सुरू होण्याआधी तिचे पाय सरळ १ मीटर वर न्यायचे. दोन, कमान टोकदार करायची. ६ मीटर गाळ्याला ४ मीटर उठाव हवा तर प्रत्येक बाजूच्या चापाची त्रिज्या सुमारे ४.१७ मीटर येते, म्हणजे चापाचा मध्य गाळ्याच्या मध्यापलीकडे १.१७ मीटरवर. सेंटरिंग (कमान बांधताना खालून द्यायचा लाकडी आधार) लावणाऱ्याला दोरी आणि दोन खुंट्या पुरतात. इथे चौकाच्या उत्तर-दक्षिण बाजू अरुंद, म्हणून तिथे दुसरी वाट धरली. शैलीचा मिलाफ नंतर लोकांना दिसला.

तसंच पडव्यांच्या छताला 'घुमट' लिहू नका. दोन अर्धनळ्या काटकोनात छेदल्यावर होणारं ते छत आहे, 'कमानी छत' पुरे. मधल्या दालनावर तर कमान नाहीच, लाकडी छप्पर.

खांबांना 'स्तंभ' म्हणण्याआधीही थांबा. हे एका दगडातून घडवलेले स्तंभ नव्हेत. अशा नॉर्मन खांबांची बाहेरची साल घडीव दगडाच्या थरांची आणि पोटात डबर व चुना भरलेला असतो. म्हणूनच अशा बांधकामाच्या दर्जा (दगडांमधल्या सांध्यांच्या फटी) सिमेंटने भरल्या की खांब बिघडतो: सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही, ती दगडातून वाट काढते, सोबत क्षार आणते, आणि दगडाचा दर्शनी पापुद्रा सुटतो. दर्जा चुन्यानेच भरायच्या, दगडापेक्षा मऊ.

ओटीपडवी

प्रदक्षिणापथाचं राहिलंच. वेदीच्या मागून अर्धगोल फिरणारी पडवी म्हणजे अ‍ॅम्ब्युलेटरी. 'प्रदक्षिणापथ' सगळे वापरतात आणि आकाराला तो अगदी फिट्ट बसतो, पण तिथे प्रदक्षिणा घालत नसत. मिरवणुकीसाठी आणि मागच्या छोट्या प्रार्थनालयांकडे जाण्यासाठी ती वाट. एका वाक्यात हे सांगून शब्द वापरावा.

ही तुलना उलट दिशेनेही झाली आहे. एकोणिसाव्या शतकातला वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन याने कार्ल्याच्या चैत्यगृहाची मांडणी समजावताना नेव्ह आणि आइल हेच शब्द वापरले आणि मापांसाठी नॉर्विच कॅथीड्रलच्या क्वायरचा दाखला दिला. कार्ल्यात ३७ खांब: दोन्ही बाजूंना १५-१५, स्तूपामागे अर्धगोलात ७. त्या सात खांबांमागची वाट ही मात्र खरीखुरी प्रदक्षिणेची. मराठीत आपण चैत्यासाठी जे शब्द रुळवले तेच चर्चकडे परत नेताना हा फरक सांभाळायचा, इतकंच.

दगडफूल

आता स्मारकं. राहिअरची 'समाधी' म्हणावं की 'कबर'?

किनारपट्टी

'समाधी' नको. मराठीत समाधी 'घेतात'; शिवाय त्यात सत्पुरुषाला देवत्व येतं. राहिअर बाराव्या शतकाच्या मध्यात वारला आणि आज दिसतं ते स्मारक साधारण १४०५ चं, म्हणजे अडीचशेहून अधिक वर्षांनी घडवलेलं. 'कबर' खालच्या पुरलेल्या जागेला आणि 'कबरीवरचं स्मारक' वरच्या शिल्पाला, असं वेगळं ठेवा. ते वेदीच्या उत्तरेला आहे.

शिल्प असं: काळ्या झग्यातला राहिअर उताणा निजलेला, पायांशी ढाल धरलेला देवदूत, दोन्ही बाजूंना गुडघे टेकून बसलेले दोन चिमुकले कॅनन, हातात उघडी पुस्तकं. पुस्तकात बायबलमधल्या यशयाच्या ५१व्या अध्यायातली ओळ: परमेश्वर सियोनेचं सांत्वन करील, तिच्या उजाड जागांचंही. दलदलीच्या, ओसाड जमिनीवर मठ काढणाऱ्याच्या कबरीवर ही ओळ मोठ्या विचाराने निवडलेली दिसते.

निजलेल्या मूर्तीला, म्हणजे एफिजीला, 'शयनमूर्ती' म्हणतात ते ठीक. वरच्या नक्षीदार दगडी छत्राला 'छत्री' नको, छत्री स्वतंत्र इमारत असते. 'मेघडंबरी' हा शब्द रायगडामुळे सगळ्यांना ठाऊक आहे: बसलेल्या किंवा निजलेल्या माणसाच्या डोक्यावरचं मानाचं छत. तोच घ्यावा. 'वीरगळ' मात्र अजिबात नको, वीरगळात खालून वर घटनाक्रम सांगितलेला असतो, इथे प्रसंगच नाही.

सर वॉल्टर मिल्डमेचं (मृत्यू १५८९, राणी पहिली एलिझाबेथ हिचा अर्थमंत्री, केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजचा संस्थापक) स्मारक भिंतीला लागून, त्यात मूर्ती नाही, कुलचिन्हं आणि लेख. 'भित्तिस्मारक' पुरेसं.

दगडफूल

आणि एडवर्ड कुकचं, १६५२ चं? त्याला 'रडणारं स्मारक' म्हणतात. 'पाझरणारं' लिहू का?

गाळा_आणि_उठाव

पाझरणं म्हणजे आतून बाहेर येणं. इथे पाणी हवेतून संगमरवरावर धरतं. २० अंश सेल्सिअस आणि ७० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते) साधारण १४.४ अंश येतो. जाड भिंतीला टेकलेला दगड १३ अंशांवर असला की त्यावर थेंब जमणारच. जूनच्या पहिल्या आठवड्यात कोकणातल्या घराची लादी घामेजते, तेच हे. पुढे चर्चमध्ये ऊब देणारे रेडिएटर बसले, दगड दवबिंदूच्या वर राहू लागला आणि रडणं थांबलं. तांत्रिक मजकुरात 'दव धरतं' किंवा 'घामेजतं' लिहा. 'पाझरतं' लिहिलं की दुरुस्ती करणारा गळती शोधत बसेल, आणि गळतीचा इलाज वेगळा.

कानामात्रा

तांत्रिक मजकुरापुरतं मान्य. पण स्मारकाखालच्या ओळी वाचणाऱ्याला सांगतात की डोळ्यांचे बंध सोडा, संगमरवर रडताना पाहून तुम्ही कोरडे कसे, आणि रडू येत नसेल तर थांबून दगड द्रवताना पाहा. मराठीत दगडाला 'पाझरच' फुटतो. त्या ओळींच्या अनुवादात पाझर ठेवा, खालच्या टिपेत दव.

गाळा_आणि_उठाव

चालेल. फक्त सगळ्या पांढऱ्या स्मारकांना 'संगमरवरी' लिहू नका. सोळाव्या-सतराव्या शतकातली इंग्लंडमधली बरीच स्मारकं अलाबास्टरची, म्हणजे जिप्समची आहेत. तो नखाने चरतो आणि पाण्यात लिटरला सुमारे २ ग्रॅम विरघळतो. संगमरवर समजून ओल्या फडक्याने पुसला तर वर्षानुवर्षांत कोरलेली अक्षरं बोथट होतात. पत्रकात 'संगमरवर' छापलं की सफाई करणाराही तेच धरून चालतो, म्हणून दगड ठरल्याशिवाय नुसतं 'पांढऱ्या दगडाचं' लिहावं.

दगडफूल

शेवटचा शब्द: फाँट, म्हणजे ख्रिस्ती दीक्षाविधीच्या पाण्याचं पात्र. चित्रकार विल्यम हॉगार्थला १६९७ मध्ये याच चर्चमध्ये ही दीक्षा दिली गेली. 'स्नानकुंड' की 'बाप्तिस्मा-कुंड'?

किनारपट्टी

वसईकडचे कॅथलिक 'स्नानसंस्कार' म्हणतात, प्रोटेस्टंट मंडळी 'बाप्तिस्मा'. हॉगार्थ अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चचा, तेव्हा त्याच्या संदर्भात 'बाप्तिस्मा'. पण ते कुंड पंधराव्या शतकातलं, म्हणजे कॅथलिक मठाच्या काळातलं. वस्तूला नुसतं 'कुंड' लिहा, संस्काराचं नाव वाक्यात ज्याचा उल्लेख असेल त्याप्रमाणे. नुसतं 'स्नानकुंड' लिहाल तर लोक पायऱ्या शोधतील. हे कमरेइतक्या उंचीचं दगडी पात्र आहे.